शेनिनबाई आणि नाकवाला पेडणेकर

आमची ही गेली, त्यानंतरच्या रविवारी पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होता. वंदना झाली, चार माणसं तिच्याबद्दल चांगलं बोलली, मग चहा फिरला. सगळे गुमान प्यायले. एक माणूस सोडून. तो आत आलाच नव्हता, दारातच उभा होता. पांढरा शर्ट, गळ्यापर्यंत पावडर. त्यानं खिशातून पांढरा रुमाल काढला, डाव्या तळहातावर पसरला, चहाचा कप त्याच्यावर तिरपा धरला नि रंग बघितला. मग कप गोल गोल फिरवायला लागला. मयताच्या घरात! चहाचे दोन थेंब माझ्या मेव्हण्याच्या पायजम्यावर. मग कपात नाक खुपसून, डोळे मिटून त्यानं मला विचारलं, ज्याची बायको गेली त्याला, "कसला वास येतो रे ह्या चहाला? सांग बघू."

माझा हात शिवशिवला. पण हाताच्या आधी माझं तोंड चालतं, ही खोड जुनी. म्हटलं, "गवती चहाचा येतो. आलं कमी पडलंय. आणि टोपात काल कांदा परतलेला, तो टोप नीट घासलेला नाही."

स्वयंपाकघरात कार्यक्रमापुरत्या आलेल्या सुनेच्या हातातली भांडी थांबली. ह्या माणसानं डोळे उघडले आणि सोनार नथीकडं बघतो तसं माझ्याकडं बघितलं. "टोपात कांदा," तो म्हणाला. "वा." कप खाली ठेवला आणि निघून गेला. सांत्वनाचा एक शब्द नाही.

हा आमचा दिगंबर पेडणेकर. सगळी बिल्डिंग त्याला नाकवाले मामा म्हणते. मी पेडणेकर म्हणतो. मी चौथी पास आहे, तेव्हा लिहिण्यात चुका निघतील. पण ह्या माणसाबद्दल कुणीतरी लिहायला पाहिजे आणि दुसरं कुणी लिहिणार नाही.

घाटकोपरला टेकडीच्या उतारावर आमची झोपडपट्टी होती, तिथंच आता बिल्डिंग झालीय. सातव्या मजल्यावर माझं घर, एक दार सोडून त्याचं. मूळचा मालवणकडचा. लग्न केलं नाही. अंधेरीला विमानतळाजवळच्या एका मोठ्या हॉटेलात वेटर म्हणून लागला आणि तीस वर्षांनी वेटरांचा कॅप्टन म्हणून सुटला. तिथं त्याचं काम काय, तर साहेबलोकांना वाइन दाखवायची, उघडायची, हुंगायची नि सांगायची, साहेब, ही मासळीबरोबर घ्या, ती मटणाबरोबर. हॉटेलात म्हणे त्याच्या नाकाचा दरारा होता. बाटलीचं बूच नुसतं हुंगून आतला माल नासलाय हे सांगायचा. हे सगळं मला त्यानंच सांगितलं, आणि एकदा नाही.

त्याच्या तऱ्हा ऐका. दिवसातून तीन वेळा आंघोळ. थंडीत पण तीन. पावडरीचा डबा आठवड्याला एक. कुणाच्या घरात पाऊल टाकणार नाही, उंबऱ्याबाहेर हातभर लांब उभा राहून बोलणार. लिफ्टमध्ये माणूस असला तर जिन्यानं. आणि पॅसेजमधून जाताना प्रत्येक दाराशी एकच प्रश्न, "काय शिजतंय आज? वास कसला येतोय?" बायांना वाटायचं, मामा भुकेला आहे. बिचाऱ्या वाटी भरून द्यायच्या. बांगड्याचं तिखलं, मटकीची उसळ, कुणाकडची सुकी बोंबील चटणी. हा घ्यायचा, खायचा, दुसऱ्या दिवशी वाटी घासून परत आणि वर "झकास". कुठल्याही वाटीला झकासच. एवढा नाकवाला माणूस, पण सातव्या मजल्यावर वाईट स्वयंपाक कुणालाच येत नाही, हे मला पहिल्यापासून खटकलेलं.

कार्यक्रम झाल्यावर पंधरा दिवसांनी तो आला. दारातच. हातात काखेतल्या लेकरासारखी बाटली.

"चावीवाल्या," तो म्हणाला, "तुझी जीभ मला पाहिजे."

चावीवाला म्हणजे मी. पालिकेच्या पाणी खात्यात एकतीस वर्षं रस्त्यावरची लोखंडी झाकणं उघडून, माणसाएवढी चावी घालून, ह्या गल्लीला पाणी सोड, त्या गल्लीचं बंद कर, हे माझं काम. लोक तक्रार करायचे की पाणी घाण येतंय. साहेब बाटली भरून तपासायला पाठवायचे. अहवाल येईपर्यंत अर्धी गल्ली जुलाबानं आडवी. मी नळाखाली ओंजळ धरायचो, तोंडात घोळवायचो, थुंकायचो नि सांगायचो, गटार मिसळलंय, त्या वळणावर खोदा. खोदलं की फुटका पाइप निघायचाच. हे कधीतरी कुणीतरी त्याला सांगितलं असणार.

"दारू मी घेत नाही," म्हटलं. तरुणपणी घ्यायचो, भरपूर. मग हिनं एक दिवस बुद्धमूर्तीपुढं उभं केलं आणि पंचशीलातलं पाचवं शील तीन वेळा मोठ्यानं म्हणायला लावलं. मी गल्ल्यांचं पाणी बंद करायचो, तिनं माझं बंद केलं. त्याला चाळीस वर्षं झाली.

"घ्यायची नाय रे. चूळ भरायची नि थुंकायची."

"दारू थुंकायची? तळीरामांचा तळतळाट लागेल."

"जगभर थुंकतात. मोठमोठे लोक थुंकतात. मी तुला शिकवतो कसं थुंकायचं."

"थुंकायचं मला शिकवू नकोस. एकतीस वर्षं पगार घेऊन थुंकलोय."

मी भिंतीवरच्या हिच्या फोटोकडं बघितलं. ती काही बोलली नाही. जिवंत असती तर बोलली असती. खरं सांगू? हो म्हणालो ते वाइनसाठी नाही. घरात पंधरा दिवस माझ्याशी कुणी भांडलं नव्हतं.

त्याच्या घरी गेलो. टेबलावर पांढरा कागद, दोन लांब दांड्याचे ग्लास, खाली रंगाची रिकामी बादली. त्यानं ग्लासात चार बोटं ओतली.

"ही शेनिन ब्लाँ."

"शेणीण?"

"शेण नाय रे मेल्या! शेनिन. द्राक्षाचं नाव. फ्रान्समधली. तिथं नदीकाठी हिचं माहेर."

"आणि ब्लाँ?"

"ब्लाँ म्हणजे पांढरी."

"ही तर पिवळी आहे."

त्यानं कपाळावर हात मारला. मग म्हणाला, ही ड्राय आहे. मी म्हटलं, ड्राय म्हणजे दुकान बंद असतं तो दिवस. आणि ओल्या वस्तूला कोरडी कसं म्हणतोस? त्यानं खुर्चीवर बसून नीट समजावलं. द्राक्षात साखर असते. रस आंबायला ठेवला की ती साखर खाल्ली जाते, तिची दारू होते. थोडी उरली तर वाइन गोड. सगळी संपली, कण उरला नाही, की ती ड्राय. कोरडी. "साखर असली ना, की कुठलीपण वाइन बरी लागते. पावडर लावलेल्या बाईसारखी. साखर गेली की मग कळतं, पोरगी मुळात कशी आहे. आणि ही शेनिन लई हुशार. हिची गोड करा, कोरडी करा, बुडबुड्यांची करा, जिथं द्याल तिथं नांदते. पण आपला आंबटपणा सोडत नाय. नाशिकच्या उन्हात बाकीच्या मऊ पडतात, ही नाय पडत."

म्हटलं, "आमची ही तशीच होती."

त्यानं ग्लास पुढं सरकवला. मी घाईनं तोंडाला लावायला गेलो तर हात धरला. "घाई नको. आधी बघ. मग फिरव. मग नाक लाव आणि थांब. तिला बोलू दे."

हे त्याचं पालुपद. चहा असो, वाइन असो, वरणाची वाटी असो. तिला बोलू दे. वरण काय बोलतं ते मला अजून कळलेलं नाही.

मी नाक लावलं, थांबलो, चूळ भरली, बादलीत थुंकलो. जबडा आवळला. कच्ची कैरी चावल्यासारखा.

"काय लागलं?"

"आंबट."

"ते कुणीपण सांगेल. पुढं?"

"कवठ. पिकलेलं, फोडून ठेवलेलं."

त्यानं झटकन वही काढली. "पुढं?"

मी परत हुंगलं. ह्या वेळी जरा बिचकलो. म्हटलं, "घोंगडी. ओली. पावसात भिजलेली, नीट वाळली नाही आणि घडी घालून ठेवली, तशी."

पेडणेकरच्या हातातलं पेन थांबलं. उठला, कपाटातून एक जुनं इंग्रजी पुस्तक काढलं, बोटानं ओळ शोधली. त्याचा चेहरा बघण्यासारखा झाला.

"चावीवाल्या, इथं काय लिहिलंय माहितेय? क्विन्स आणि ओली लोकर. तीस वर्षं मी साहेबांना पाठ म्हणून दाखवलं. क्विन्स आणि ओली लोकर, सर. क्विन्स हे फळ आहे का पक्षी आहे, मी जन्मात बघितलं नाय. आणि लोकर? मुंबईत लोकर कोण भिजवतो रे? आणि तू मेल्या, चौथी पास..."

"आमच्या माणदेशात कवठं आहेत, धनगर आहेत, घोंगडी आहेत. पाऊस तेवढा नाही. म्हणून तो पडला की लक्षात राहतो."

तेव्हापासून दर गुरुवारी संध्याकाळी बैठक. बिल्डिंगीत बोभाटा झाला, की बायको जाऊन महिना नाही आणि म्हातारा प्यायला लागला. सेक्रेटरीची बायको तपासायला आली. बादलीत डोकावली. घरी जाऊन म्हणाली, पितात कुठं, थुंकतात. ह्याचं लोकांना जास्त वाईट वाटलं.

मी सांगायचो, तो लिहायचा. माझं "माठातलं पहिलं पाणी" तो वहीत तसंच लिहायचा आणि बाजूला इंग्रजी शब्द. "चुन्याची निवळी", "वाळलेलं गवत", "पेरूचं साल". एकदा मी म्हटलं, काहीच लागत नाही, आज माझं लक्ष नाही. तर म्हणाला, "मग उद्या ये. पण जेवून ये. उपाशी जीभ खोटं बोलते." जेवायचं मी जवळजवळ सोडलंच होतं. त्या जिभेपायी दोन वेळ भाकरी थापायला लागलो.

एका सकाळी पॅसेजमध्ये धूर. करपल्याचा असा वास की बाया पदर लावून बाहेर आल्या. पेडणेकरचं दार उघडं. आत गेलो तर शेगडीवर दुधाचा कोळसा झालेला, आणि हा शेगडीकडं पाठ करून, हातभर अंतरावर पेपर वाचत बसलेला. मी गॅस बंद केला.

"वास नाही आला?"

"विचारात होतो," म्हणाला.

मी पण विचारात पडलो. गुरुवारी जाताना एक स्टीलची डबी घेऊन गेलो. झाकण उघडून त्याच्या नाकाखाली धरली. "वेलची कुटून आणलीय. गावाकडची. बघ."

त्यानं डोळे मिटले. लांब श्वास घेतला. थांबला, तिला बोलू दिलं. "झकास! ताजी. हिरवी."

"पेडणेकर," मी म्हटलं, "हिंग आहे."

हिंग असा, की शेजारच्या बिल्डिंगीत माणूस शिंकावा. मी हसायला लागलो. दोनदा हसलो आणि मग हसू येईना. तो डबीकडं बघत होता. बोटानं चिमूट उचलली, जिभेवर ठेवली. "कडू लागता," म्हणाला. बस.

मग सगळं बाहेर आलं. कोरोनात गेला वास. सगळ्यांचा महिन्या-दोन महिन्यांनी परत आला, ह्याचा आला नाही. डॉक्टर झाले, वाफ झाली, नाकात तेलं झाली. आंबट, गोड, खारट, कडू एवढं जिभेला कळतं. बाकी सगळं पुठ्ठा. चार वर्षं कुणाला सांगितलं नाही. दारोदार "वास कसला येतोय" विचारत फिरायचा ते भुकेपोटी नाही. चणे-फुटाणे मागतात तसे हा वास मागायचा.

"सांगायचं ना मग. चोरी केलीस का?"

"कुणाला सांगू? त्या अलकाताईला?"

अलकाताईचं नाव मी ऐकून होतो. दिंडोरीकडची बाई, नवरा गेल्यावर एकटीनं द्राक्षबाग सांभाळते, शेनिनची कोरडी वाइन करते. पंधरा वर्षांपूर्वी पहिली बाटली घेऊन ती ह्याच्या हॉटेलात आली होती. सगळ्यांनी हाकललं. ह्यानं हुंगून सांगितलं, ताई, अजून कच्ची आहे, पुढच्या वर्षी या. ती पुढच्या वर्षी आली. तेव्हापासून दर वर्षी होळीच्या सुमारास तिच्या तीन टाक्यांमधल्या तीन बाटल्या पेडणेकरकडं येतात. तो चिठ्ठीत लिहून कळवेल त्या टाकीवर ती आपलं नाव लावते. तिच्याच गेल्या वर्षीच्या बाटल्या उघडून आपण त्या बादलीत थुंकत होतो ते ह्यासाठी, हे मला तेव्हा कळलं.

"ह्या वर्षी ती स्वतः येते," तो म्हणाला. "म्हणते, मामा, समोर बसून ऐकायचंय."

"मग समोर बसवून खरं सांग."

"आणि मग मी कोण? पेन्शनीतला म्हातारा? ह्या नाकावर मी माणूस झालो रे. बाप नाय, शिक्षण नाय, नाक होता. नाक गेला तर रवला काय?"

रागावला किंवा घाबरला की तो मालवणीत जातो. मी म्हटलं, "मी खोटं बोलणार नाही. चौथं शील. पाचवं तू वाकवलंस, चौथं राहू दे."

"खोटं बोलू नको. फक्त माझ्याआधी बोल. शिकाऊ माणसानं आधी सांगायचं, उस्तादानं मग. एवढंच."

अलकाताई पेडणेकरच्या घरी आली. पन्नाशीची, उन्हानं रापलेली, पायात साध्या चपला, बोलायला सडेतोड. "जय भीम काका," म्हणाली, भिंतीला टेकून खालीच बसली. मला बाई आवडली. पेडणेकरनं हॉटेलचा काळा कोट घातला होता. मार्च महिन्यात. पावडर घामानं ओघळून कॉलरवर आली होती.

पहिला ग्लास. त्यानं फिरवला, हुंगला, डोळे मिटले. "चावीवाल्या, तू बोल आधी."

म्हटलं, "कवठ आहे. पण पाणचट. टाकीत वरून पाणी सोडल्यागत."

पेडणेकरनं मान डोलावली. "अंग कमी आहे ताई."

दुसरा ग्लास. म्हटलं, "ही बरी. घोंगडी, माठ, नि मागून पेरूचं साल. थुंकल्यावर पण जात नाही."

"लांबी चांगली," पेडणेकर म्हणाला. त्याला रंग चढला. अलकाताई मोबाइलवर भराभर टिपत होती. आणि ह्या शहाण्याला काय झालं कोण जाणे, तिसरा ग्लास त्यानं उचलला, फिरवला, माझ्याकडं बघायच्या आत म्हणाला, "आहाहा! ताई, हीच. डोळे मिटून हीच भरा."

मी माझा ग्लास नाकाशी नेला.

अगदी बारीक होतं. दुसऱ्या कुणाला कळलं नसतं. पण त्या वासाशी माझी एकतीस वर्षांची ओळख. भर उन्हात, रस्त्याच्या मधोमध, झाकण उचलल्यावर पहिला येतो तो.

पेडणेकर माझ्याकडं बघत होता. डोळ्यांनी म्हणत होता, गप राहा. अलकाताई टिपत होती, "तीन नंबर, हीच."

"ताई," मी म्हटलं, "ह्या लाइनीत गटार मिसळलंय."

अलकाताईनं ग्लास घेऊन हुंगला, परत हुंगला. "मला नाही येत. पण आम्ही दिवसभर त्याच वासात असतो, आमची नाकं मेलेली. काका, घरात तांब्याचं भांडं आहे?"

हिचा तांब्या होता. धावत जाऊन आणला. अलकाताईनं त्यात वाइन ओतली, गरागरा फिरवली आणि माझ्यापुढं धरली. "आता?"

हुंगलं. गटार गेलेलं. मागून कवठ आलं.

"बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. "रस आंबताना कधी कधी असा वास धरतो. तांब्याला लागला की मरतो. आत्ता कळलं म्हणून टाकी वाचेल. बाटल्या भरून झाल्यावर कळलं असतं तर माझं नाव गेलं असतं." मग पेडणेकरकडं वळली. "मामा, तुम्ही तर हीच म्हणालात?"

मी वाट काढून दिली. खोटं न बोलता जेवढी निघते तेवढी. म्हटलं, "शिकाऊ माणसाची परीक्षा पण घेतात कधी कधी उस्ताद लोक."

बाई हसली. तिनं ते खरं मानलं होतं, मी बघितलं. पेडणेकरनं नुसतं "होय तर" म्हणायचं होतं. दोन शब्द.

त्यानं ग्लास खाली ठेवला. कोटाची बटणं काढली. "नाय गे ताई. परीक्षा-बिरीक्षा काय नाय. माझा नाक गेला. चार वर्सां झाली. माका ह्या ग्लासात पाणी असला तरी कळाचा नाय. तुझी टाकी मी आज घालवली असती."

तिनं ग्लास बाजूला सारला. मग मोबाइलमधलं जुनं काहीतरी शोधलं. "पण मामा, तुमच्या आधीच्या चिठ्ठ्या सगळ्या पुस्तकी असायच्या. क्विन्स, लोकर, मध. मधली तीन वर्षं तर तेच शब्द पुढंमागं करून पाठवलेत. आणि ह्या वेळी मी यायच्या आधी तुम्ही पाठवलेली चिठ्ठी बघा. पिकलेलं कवठ, न वाळलेली घोंगडी, माठातलं पहिलं पाणी. ती वाचून मी बागेतल्या बायकांना म्हटलं, मामांचं नाक म्हातारपणी पिकलं! पहिल्यांदा त्यांना कळलं की आपण काय पिकवतो." ती माझ्याकडं वळली. "ते कोण लिहीत होतं?"

"बोलत हा होता," पेडणेकर म्हणाला. "लिहीत मी होतो."

"मग पुढच्या वर्षी दोघांची सही पाहिजे," ती म्हणाली. "आणि मामा, मधली तीन वर्षं तुम्ही मला फसवलंत. ते मी विसरणार नाही. तांब्या विसळून देते काका."

अशी बाई. रागावली पण, आणि तांब्या पण विसळला.

दुसऱ्या दिवशी पेडणेकर माझ्या दारात. नेहमीसारखा हातभर लांब. ओल्या केसांचा, म्हणजे दुसरी आंघोळ झालेली.

"एक विचारायचं होतं. खरं सांग. तू खोटं बोलत नायस म्हणून तुलाच विचारतो." आणि थांबला. खाली बघत म्हणाला, "माझ्या अंगाला वास येतो काय रे? माझ्या घराला? माका कळत नाय. एकटा माणूस. सांगणारा कोण नाय. लोक नाक मुरडत असले तर?"

तेव्हा मला त्या तीन आंघोळी, ती पावडर, ते उंबऱ्याबाहेर उभं राहणं, लिफ्ट सोडून जिना, सगळं एकदम कळलं. चार वर्षं हा माणूस स्वतःला लोकांपासून हातभर लांब ठेवत होता.

"आत ये आधी," म्हटलं. "दारातून काय कळणार?"

तो आला. पहिल्यांदा. मी त्याच्या खांद्याला नाक लावून नीट हुंगलं, गिऱ्हाईक खरबूज हुंगतं तसं. "पावडर. लाल साबण. डांबरगोळी, कोटाची. आणि थोडा म्हातारा वास, तो माझ्या पण अंगाला येतो. माणूस नासल्याचा नाही. बस."

तो बसला. कॉटच्या कडेला, अर्धाच. नजर फिरवताना त्याला उशाशी ठेवलेली प्लॅस्टिकची पिशवी दिसली. सुतळीनं तीन गाठी मारलेली.

"ता काय?"

सांगायचं नव्हतं. पण ह्यानं काल कोट काढला होता. म्हटलं, "घोंगडी. हिच्या बापानं लग्नात दिलेली. मुंबईत घोंगडी पांघरणार कोण, म्हणून घडी करून उशाला घ्यायची. चाळीस-पंचेचाळीस वर्षं. ती गेली त्या दिवशी बांधून ठेवली. उघडली तर वास उडेल, संपेल, म्हणून उघडत नाही."

"म्हणजे तू ग्लासात घोंगडी सांगत होतास ती..."

"आठवणीतून."

पेडणेकरनं त्या तीन गाठींकडं बघितलं. मग म्हणाला, "माझ्यासमोर उघड. माझ्या नाकानं तिचा एक कण पण खर्च होणार नाय. बिल्डिंगीत असा माणूस मी एकटाच."

असलं कारण दुसरा कुणी देऊ शकला नसता. मी सुतळी सोडायला घेतली. दोन गाठी मी काढल्या, तिसरी त्यानं सोडवली. घोंगडी मांडीवर घेतली, तोंड खाली केलं. आणि मला काही सांगताच येईना. जी जीभ रस्त्याखालचा फुटका पाइप सांगते, ती टाळ्याला चिकटून बसली.

पेडणेकरनं खिशातून वही काढली. वाइनची पानं उलटून कोरं पान काढलं. वर लिहिलं, वहिनी. खाली रेघ मारली आणि पेन धरून बसून राहिला. वर बघितलंसुद्धा नाही.

"घाई नको," म्हणाला. "तिला बोलू दे."

खाली रस्त्यावर भंगारवाला ओरडत गेला. मग परत आला.

"मशेरी," मी म्हटलं.

त्यानं लिहिलं. "पुढं?"